पाच तारांच्या बेस गिटारला कॅपो लावावा का? गाण्याची ‘पट्टी’ बदलण्यामागचं साधं गणित

गाण्याच्या कार्यक्रमात एक वाद रंगमंचावर कधीच दिसत नाही, कारण तो पडद्यामागे आधीच होऊन जातो. गायक म्हणतो, “मला काळी एक लागेल.” वाजवणारा म्हणतो, “मी हे गाणं पांढरी एकमध्ये बसवलंय, तेवढं जमवून घे.” बऱ्याचदा गायकच जमवून घेतो. मग अंतऱ्यात वरचा स्वर आला की आवाज फाटतो, आणि लोक म्हणतात, “आज गळा लागला नाही बुवा.”

खरं तर गळा ठीकच असतो, पट्टी चुकलेली असते.

ही पट्टी झटक्यात बदलायला गिटारवाले कॅपो वापरतात. आता गावोगावच्या ग्रुपमध्ये कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी बेस गिटारही दिसू लागली आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न साहजिक आहे. बेस गिटारला, त्यातही पाच तारांच्या बेसला, कॅपो लावता येतो का? आणि येत असेल, तर लावावा का?

आधी पट्टी म्हणजे काय ते बघू

हार्मोनियमवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. गायक यातली कुठलीही एक पट्टी आपला ‘सा’ मानतो. पहिल्या काळ्या पट्टीला सा धरला की ‘काळी एक’ आणि चौथ्या पांढरीला धरला की ‘पांढरी चार’. पाश्चात्त्य नावांत पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प आणि काळी पाच म्हणजे ए शार्प.

साधारणपणे पुरुष गायक काळी एक, काळी दोनच्या आसपास गातात. बायकांचा आवाज बहुतेक वेळा काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. हा काही नियम नव्हे, प्रत्येकाचा गळा वेगळा. पण अंदाज यायला एवढं पुरे.

आता एक उदाहरण घेऊ. वाशीमहून पुसदकडे जाताना लागणाऱ्या अनसिंगमध्ये एका मंडळाचा कार्यक्रम आहे असं धरा. पहिलं भजन एक काका काळी एकमध्ये गाणार. त्यानंतर लगेच कॉलेजातली एक मुलगी भीमगीत गाणार, तिला काळी पाच हवी. मध्ये निवेदकाच्या दोन वाक्यांपुरताच वेळ आहे. तेवढ्यात सगळ्या वाद्यांना नव्या पट्टीवर जायचंय.

कोण कसं जातं?

साधा हार्मोनियमवाला बोटं हलवून दुसऱ्या पट्टीवरून वाजवतो. स्केल चेंजर हार्मोनियम असेल तर तो पट्ट्यांचा अख्खा संच सरकवतो आणि बोटं होती तिथंच ठेवतो.

कीबोर्डवाल्याचं काम सगळ्यात सोपं. ‘ट्रान्सपोज’चं बटण दाबलं की झालं.

गिटारवाला कॅपो काढतो. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर बसणारा चिमटा. त्याची रबर लावलेली दांडी सगळ्या तारा एकाच जागी दाबून धरते. त्यामुळे तारांची वाजणारी लांबी कमी होते आणि सगळे स्वर सारख्याच अंतराने वर चढतात. एका पडद्यामागे अर्धा स्वर, म्हणजे हार्मोनियमवरची एक पट्टी. सतारीला जसे पडदे, तसे गिटारच्या मानेवर धातूचे फ्रेट असतात, त्यांनाच इथे पडदे म्हटलं आहे.

कॅपोचं नाव इटालियन ‘कापोतास्तो’ या शब्दावरून आलं आहे आणि युक्तीही जुनी, शेकडो वर्षांपूर्वीची आहे.

गिटारवाल्याला कॅपो लागतो याला एक खास कारण आहे. तो एका वेळी पाच-सहा तारा छेडून कॉर्ड वाजवतो. जी, सी, डी, ई मायनर यांसारख्या सोप्या कॉर्डमध्ये काही तारा बोट न लावता मोकळ्या वाजतात. त्याच कॉर्ड अर्ध्या स्वराने वर न्यायच्या तर मोकळ्या तारा मिळत नाहीत. मग सगळी तर्जनी आडवी दाबावी लागते आणि हात लवकर भरून येतो. कॅपो त्या तर्जनीचं काम करतो.

आता मुख्य प्रश्न. बेसवाल्याला हे करावं लागतं का?

बेस एकेक स्वर वाजवते, तिथेच सगळा फरक पडतो

बेस गिटारचं काम कॉर्ड भरणं नसतं. तिने ढोलक किंवा ड्रमच्या ठोक्याला धरून खालचा एक स्वर द्यायचा असतो, म्हणजे वरच्या गाण्याला पाया मिळतो. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हेच काम करायचे. मुंबईची मोहिनी डे आज याच वाद्यावर जगभर कार्यक्रम करते. तिचं वादन ऐकलं तर बेस फक्त पाया घालूनच थांबते असं नाही, हेही लक्षात येतं.

पण बहुतेक गाण्यांत बेसवर एका वेळी एकच स्वर वाजतो. आणि बेसच्या तारा अशा लावलेल्या असतात की एकदा शिकलेला आकार मानेवर कुठेही सरकवता येतो.

पाच तारांची बेस जाडीकडून बारीककडे बी, ई, ए, डी, जी अशी लावतात. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. प्रत्येक पुढची तार आधीच्या तारेपेक्षा पाच अर्ध्या स्वरांनी वर असते, म्हणजे सा आणि म यांच्यात जेवढं अंतर तेवढं. त्यामुळे सगळं गणित एका ठरावीक आकारात बसतं:

• एका तारेवर सा धरला की पुढच्या बारीक तारेवर त्याच पडद्यावर शुद्ध म.
• त्याच बारीक तारेवर दोन पडदे पुढे प.
• त्याच्याही पुढच्या तारेवर, सा पासून दोन पडदे पुढे, वरचा सा.
• सा च्या शेजारच्या जाड तारेवर, त्याच पडद्यावर, खालचा प.

काळी एक असो की काळी पाच, आकार हाच. बदलते ती फक्त सुरुवातीची जागा. काळी एकचा सा जाड तारेवर दुसऱ्या पडद्यावर किंवा मधल्या तारेवर चौथ्या पडद्यावर मिळतो. काळी पाचचा सा मधल्या तारेवर पहिल्या पडद्यावर किंवा ई तारेवर सहाव्या पडद्यावर. काका गाऊन झाले आणि मुलगी उभी राहिली, की बेसवाल्याने हात सरकवायचा. चिमटा शोधायची गरजच नाही.

इथे सारेगम शिकलेल्यांना एक फायदा आहे. सी, डी, ई ही नावं ठरावीक उंचीच्या स्वरांची आहेत, ती हलत नाहीत. सा मात्र गायक जिथे ठेवील तिथे असतो. म्हणजे कॅपो जे काम लोखंड आणि रबराने करतो, ते सारेगम डोक्यातच करून देते. ज्याने गाणं ‘सा, म, प, सा’ असं पाठ केलंय त्याला पट्टी बदलली तरी नवं काही शिकावं लागत नाही. ज्याने ‘तिसरा पडदा, मग पहिला पडदा’ असं पाठ केलंय, त्याचीच पंचाईत होते.

पाचवी तार घेतलीच कशासाठी?

लिओ फेंडर यांच्या कंपनीची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये बाजारात आली. तिला ई, ए, डी, जी अशा चार तारा होत्या. १९६५ मध्ये याच कंपनीने पाच तारांची ‘बेस फाइव्ह’ काढली, पण त्यातली जादा तार वरच्या बाजूला होती, उंच सी. ती फारशी चालली नाही. आज ‘पाचतारी बेस’ म्हटलं की जी खालची बी तार आठवते, ती १९७० च्या दशकाच्या मध्यात आणि नंतर १९८० च्या दशकात रुळली. सिंथेसायझरवर खोल खर्ज सहज निघू लागला होता आणि बेसवाल्यांनाही तिथवर पोचायचं होतं.

आता ही खालची तार महाराष्ट्रातल्या गायकाच्या दृष्टीने पाहा. चारतारी बेसचा सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन. पाचव्या तारेमुळे त्याखाली पाच नवे स्वर मिळतात: काळी दोन, पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक आणि पांढरी सात.

म्हणजे पुरुष गायक जिथे नेहमी सा धरतात, नेमक्या त्याच जागा. काळी एकमध्ये गाणाऱ्या काकांच्या मागे चारतारी बेसवाल्याला खर्जातला सा मिळतच नाही, तो एक सप्तक वरचा सा वाजवून वेळ मारून नेतो. पाचतारीवाल्याला तो मिळतो, जाड तारेच्या दुसऱ्या पडद्यावर.

हाच खर्ज मिळावा म्हणून लोक जास्त पैसे मोजून, जास्त वजन खांद्यावर घेऊन पाचतारी बेस घेतात. आता त्यावर कॅपो लावला तर काय होतं?

कॅपोने काय मिळतं, काय जातं

दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की मोकळ्या तारा होतात काळी एक, काळी तीन, पांढरी सात, पांढरी तीन, पांढरी सहा. काळी एकच्या गाण्यात याचा अर्थ मोकळी जाड तार म्हणजे थेट सा आणि तिच्या शेजारची म. बोट न लावता सा घुमत राहतो. ऐकायला हे खरंच छान लागतं. जातं काय, तर सा च्या खालचे दोन स्वर, शुद्ध नी आणि कोमल नी. खालच्या नी वरून सा वर येऊन समेला टेकायची जागा तेवढी हातची जाते.

चौथ्या पडद्यावर लावला तर काळी चारच्या गाण्यात मोकळी जाड तार प होते आणि दुसरी सा.

आणि पाचव्या पडद्यावर लावला तर? बी ची ई होते, ई ची ए, आणि शेवटी सगळ्यात बारीक तार सी होते. ई, ए, डी, जी, सी. म्हणजे खर्जासाठी घेतलेल्या वाद्याची १९६५ ची ती न चाललेली रचना तयार होते. इतका वर कॅपो लावायचाच असेल तर मग चारतारी बेसच बरी होती.

म्हणून नियम सोपा आहे: पाचतारी बेसवर कॅपो जितका वर, तितकी पाचवी तार फुकट.

मग कॅपो कोणाच्या कामाचा?

चार प्रकारच्या लोकांना त्याचा खरा उपयोग होतो.

एक, जे बेसवर कॉर्ड किंवा दोन-तीन तारांचे तुकडे वाजवतात आणि मधून मोकळी तार घुमवत ठेवतात.

दोन, जे गाता गाता बेस वाजवतात. गाताना डोकं शब्दांत असतं. पाठ झालेलं वादन जागा न बदलता वाजवता आलं तर सोय होते.

तीन, लहान हाताची मुलं. बहुतेक बेस ३४ इंच लांबीच्या असतात, म्हणजे तार दोन टोकांमध्ये एवढी वाजते. पहिला पडदा वरच्या टोकापासून जवळजवळ १.९ इंचांवर येतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची बोटं तिथे ताणली जातात. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावला की वाजणारी लांबी सुमारे ३०.३ इंच उरते, आणि लहान मापाची बेस साधारण ३० इंचांचीच असते. पडदे जवळ येतात आणि हात सैल राहतो. सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी ही चांगली युक्ती आहे.

चार, ज्यांना तारा वर चढवून लावायचा मोह होतो ते. दोन अर्ध्या स्वरांनी वर जायला खुंट्या पिळल्या तर प्रत्येक तारेवरचा ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. पाच जाड तारांचा वाढलेला ताण मानेवर येतो आणि मान वाकू शकते. त्यापेक्षा कॅपो केव्हाही सुरक्षित.

लावायचाच असेल तर असा लावा

गिटारचा नेहमीचा कॅपो पाचतारी बेसला बसेलच असं नाही. तिची मान जास्त रुंद असते. शिवाय तारांच्या जाडीत मोठा फरक असतो. नेहमीच्या संचात सगळ्यात बारीक तार सुमारे १.१ मिलिमीटर आणि बी तार सुमारे ३.३ मिलिमीटर जाड असते, म्हणजे तिप्पट. कॅपोची दांडी आधी जाड तारेवर टेकते आणि बारीक तारांपर्यंत तिचा दाब नीट पोचत नाही. मग त्या तारा खरखरतात.

• स्क्रूने आवळायचा, रुंद दांडीचा कॅपो घ्या. बारा तारांच्या गिटारचा कॅपो बऱ्याचदा चालतो. पण दुकानात आपली बेस नेऊन लावून बघा, मगच पैसे द्या.
• क्लासिकल गिटारचा कॅपो रुंद असला तरी त्याची दांडी सपाट असते. बेसची मान वरून किंचित गोलसर असते, त्यामुळे मधल्या तारा दाबल्या जातात आणि कडेच्या सुटतात.
• आधी कॅपो न लावता बेस सुरात लावा. मग पडद्याच्या अगदी मागे, त्याला लागून, कॅपो बसवा. दोन पडद्यांच्या मधोमध नको.
• खरखर थांबेल एवढंच आवळा. जास्त आवळलं की तार चढते आणि बी तार तर लगेच बेसूर होते.
• कॅपो लावल्यावर ट्यूनरवर पाचही तारा पुन्हा तपासा. काढल्यावरही पुन्हा तपासा.
• मानेवरच्या ठिपक्यांवर विसंबू नका. कॅपो दुसऱ्या पडद्यावर असेल तर मोकळ्या तारेचा वरचा सा बाराव्या नाही, चौदाव्या पडद्यावर येतो.

या यादीत दोनदा सुरात लावणं आलं आहे, ते लक्षात घ्या. निवेदकाच्या दोन वाक्यांत हे होत नाही. दर गाण्याला पट्टी बदलणाऱ्या कार्यक्रमात बेसवर कॅपो लावणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

एक गमतीशीर प्रयोग मात्र घरी करून बघण्यासारखा आहे. कॅपो बारीक तारांच्या बाजूने असा लावा की चारच तारा दाबल्या जातील आणि बी तार मोकळी राहील. दांडीचा कोपरा बी तारेला लागता कामा नये. दुसऱ्या पडद्यावर असा कॅपो लावला आणि बी म्हणजे पांढरी सात हा सा धरला, की मोकळ्या तारा मिळतात सा, प, सा, म आणि कोमल नी. पहिल्या तीन तारा सावकाश छेडल्या तर तंबोऱ्याची आठवण येते. खालचा स्वरही जात नाही.

रीलमध्ये दिसतो तो पट्टा कॅपो नाही

सोशल मीडियावर बेसवादकांच्या मानेवर कापडाचा किंवा स्पंजचा पट्टा गुंडाळलेला दिसतो. अनेकांना तो कॅपो वाटतो. तो तारा दाबत नाही, नुसता हलकेच टेकतो. न वाजवलेल्या तारा उगाच घुमू नयेत आणि रेकॉर्डिंग स्वच्छ यावं एवढंच त्याचं काम. त्याने पट्टी बदलत नाही.

रील ऐकताना अजून एक गोष्ट. बी तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ३१ कंपनांचा असतो. मोबाइलचा स्पीकर तो काढूच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ती त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांची वरची आवर्तनं आणि त्यावरून मेंदू खालचा स्वर गृहीत धरतो. छोट्या बॉक्सवर वाजवतानाही हेच होतं. तेव्हा फोनवर ऐकून ‘पाचवी तार लागतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका, आणि कार्यक्रमाला मोठा बेस बॉक्स नसेल तर खर्जावर सगळी भिस्तही ठेवू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नावांमुळे

कॅपो आणि ट्रान्सपोज या दोन्हींमुळे एक घोटाळा नेहमी होतो. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोज एकने वाढवलेला असतो. तो स्वतः सी च्या पट्टीवर बोटं ठेवतो, पण आवाज येतो सी शार्प. बेसवाला विचारतो, “कुठे आहेस?” उत्तर येतं, “सी मध्ये.” बेसवाला सी वाजवतो आणि माइकसमोरच्या मुलीला एकाच वेळी दोन सा ऐकू येतात. तिचा आवाज डळमळतो. दोष तिच्यावर येतो.

कॅपो लावलेल्या गिटारचंही तेच. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून जी चा आकार वाजवला तर ऐकू येतो ए.

यावर उपाय फुकट आहे. तालमीत ठरवून टाका की पट्टी सांगायची ती बोटांची नाही, कानाला येणारी. गायकाने हार्मोनियमवर किंवा मोबाइलच्या तंबोरा ॲपवर आपला सा वाजवून दाखवायचा. तो ‘काळी पाच’ असेल तर सगळ्यांच्या वहीत त्या गाण्यापुढे ‘काळी पाच’ एवढंच लिहायचं. कोणाचं बटण कुठे आहे आणि कोणाचा कॅपो कुठे, हे ज्याचं त्याने पाहायचं.

थोडक्यात काय?

पाच तारांच्या बेसला कॅपो लावता येतो. पण गिटारवाल्याच्या हातात तो गरजेचा असतो, बेसवाल्याच्या हातात क्वचित. रोज दहा मिनिटं एकच ओळ काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी पाच अशी सरकवत वाजवली तर बहुतेक बेसवाल्यांचा कॅपो पेटीतच राहील.

पट्टी गायकाच्या गळ्याची असते आणि वाद्यांनी तिथे जायचं असतं. कॅपोने जा, बटणाने जा किंवा हात सरकवून जा. फक्त “तेवढं जमवून घे” हे गायकाला सांगायची वेळ येऊ देऊ नका.